रात्रभर मंच गाजवणारा कलावंत मुलांना नाटक शिकवायला कसा तयार करायचा?

भाऊबीज झाली की गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांत, म्हणजे झाडीपट्टीत, मंडया (गावोगावच्या जत्रा) भरू लागतात आणि झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू होतो. नाट्य कंपन्यांचं ठाणं असलेल्या वडशाहून गाड्या निघतात, धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्यांत मंडप पडतात, आणि रात्री उघडलेला पडदा पहाटेपर्यंत खाली येत नाही. थंडीत एवढ्या गर्दीला जागं ठेवणारी माणसं शाळेतल्या पोरांना नाटक सहज शिकवतील, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात तसं आपोआप होत नाही. मंचावर सगळ्यांची नजर स्वतःकडे ओढून घेणं हा कलावंताचा धंदा आहे, आणि वर्गात तीच नजर पोरांकडे वळवायची असते. प्रशिक्षणाचं बहुतेक काम या एका सवयीशी झगडण्याचं आहे.

गावातलं मंडळ, एखादी संस्था, नाट्य कंपनी किंवा उत्साही शिक्षक असं शिबिर घ्यायचं म्हणत असतील, तर त्यांच्यासाठी हा लेख आहे. उदाहरणं झाडीपट्टीची आहेत, पण वऱ्हाडातल्या भारूडवाल्यांना, भजनी मंडळींना किंवा खडीगंमतीच्या (विदर्भातल्या तमाशासारख्या लोककलेच्या) शाहिरांना घेऊनही हेच करता येतं.

माणसं निवडताना

हिरोपासून सुरुवात करू नका. कंपनीत शिक्षकाच्या सगळ्यात जवळचा माणूस असतो प्रॉम्प्टर. त्याचं सगळं लक्ष दुसऱ्याच्या तोंडाकडे. कोण अडखळणार हे त्याला अर्धं वाक्य आधी कळतं, आणि तो नेमका एकच शब्द पुरवतो. अख्खा संवाद स्वतः म्हणून दाखवत नाही. मुलांना शिकवायला हवं ते हेच. दुसरा माणूस पेटीमास्तर, कारण समोरच्याच्या गळ्याप्रमाणे पट्टी बदलायची त्याला सवय असते. खडीगंमतीचा शाहीरही उपयोगाचा, त्याला ऐनवेळी आलेल्या उत्तरावर पुढचा सवाल रचता येतो. नामवंत नट घ्या, जरूर घ्या, त्यांच्या नावानं पालक येतात. पण १५ जणांच्या तुकडीत अशांची संख्या चारपाचाच्या वर जाऊ देऊ नका.

महिला कलावंत निम्म्या तरी असाव्यात. मंचावर काम करणाऱ्या बाईकडे गाव कोणत्या नजरेनं बघतं हे आपल्याला ठाऊक आहे. तीच बाई शाळेत ‘मॅडम’ म्हणून येते तेव्हा मुलींना तालमीला पाठवायचा निर्णय घरात सोपा होतो.

निवडीसाठी अभिनयाची चाचणी घेण्यात अर्थ नाही, तो त्यांना येतोच. त्याऐवजी विचारा: ‘घरच्या पोरीला सायकल कशी शिकवली?’ जो म्हणतो, ‘मागून धरली होती, मंग हळूच सोडून देल्ली,’ तो घ्या. ‘तिलेच येत नव्हती, म्या लय बोंबललो’ म्हणणाऱ्याला पुढच्या वर्षी बघू. शिवाय ज्याच्या त्याच्या गावात शांतपणे चौकशी करा: दारू, लहान मुलांशी वागणूक, दिलेला शब्द. यात भिडस्तपणा नको.

दिवस कोणते धरायचे

कलावंत हा शेतकरी किंवा शेतमजूरही असतो, त्यामुळे शासकीय वेळापत्रकापेक्षा धानाचं वेळापत्रक महत्त्वाचं. जून-जुलैत परे (धानाची रोपं) आणि रोवणी. दिवाळीपासून होळीच्या पुढेपर्यंत हंगाम. त्या काळात माणूस दिवसा झोपलेला असतो, त्याला वर्गाला बोलावणं हा जुलूम आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल, त्यामागून तेंदूपत्ता, आणि वरून विदर्भाचं ऊन. उरतो रोवणी आटोपल्यापासून दिवाळीपर्यंतचा काळ.

त्यातही सोयीचा हिशेब असा: श्रावणाच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे पोळ्याच्या आधी, कलावंतांचं सहा दिवसांचं शिबिर. पोळा ते कोजागिरी हा साधारण दीड महिना गावोगावच्या शाळांत प्रत्यक्ष काम. कोजागिरीला मुलांचा प्रयोग. मग शाळेची सहामाही परीक्षा मोकळी आणि कलावंतही मंडईला मोकळा. या दीड महिन्यात मुलांचे दोन सण येतात, ते सोडू नका. तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी घेऊन, सोंगं काढून पोरं घरोघर बोजारा (खाऊ, पैसे) मागत फिरतात; ते अर्धं नाटकच आहे. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईची गाणी चालतात. गाण्यांत सासर, माहेर, रुसवा, माघारपण सगळं असतं, आणि शेवटी झाकलेला खाऊ ओळखायचा खेळ. संवाद, संघर्ष आणि उत्कंठा या तिन्ही गोष्टी मुलींना आधीच येतात, फक्त त्याला नाटक म्हणतात हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

शिबिराचे सहा दिवस

पहिल्या दिवशी भाषण ठेवू नका. उद्घाटन, हारतुरे, प्रमुख पाहुणे यात दुपार होते आणि कलावंत पेंगायला लागतो. सकाळी थेट सुरू करा. प्रत्येकानं आपलं आवडतं स्वगत दोन मिनिटं करून दाखवायचं. टाळ्या वाजू द्या. मग सांगा, आता हेच स्वगत शेजारच्याला पंधरा मिनिटांत शिकवा. जवळपास प्रत्येक जण म्हणेल, ‘माझ्यासारखं म्हन.’ शिकणारा नक्कल करेल, फसेल, हसेल. यावर लगेच बोला, पण शिकवणाऱ्याला विचारू नका, शिकणाऱ्याला विचारा: कुठे अडलं? अंगाचं काय झालं? कंटाळा कधी आला? कसलेल्या नटाला विद्यार्थ्याच्या जागी बसवलं की पुढचे पाच दिवस सोपे जातात.

दुसरा दिवस मोडतोडीचा. कलावंताला येतं ते अंगात मुरलेलं असतं, म्हणून ते सांगता येत नाही. एकाला साधी एन्ट्री करायला लावा, विंगेतून मंचाच्या मध्यापर्यंत. इतरांनी ती तुकड्यांत सांगायची. विंगेत थांबला. श्वास घेतला. आधी पाऊल आलं, मग नजर. प्रेक्षकांकडे पाहिलं की पात्राकडे? शब्द केव्हा आला? चारपाच वेळा करून घेतलं की स्वतः नटच म्हणतो, ‘म्या आधी थांबतो हे मलेच मालूम नव्हतं.’ मग त्या तुकड्यांचा खेळ करायचा: मुलांनी वर्गाच्या दारातून यायचं, पण दारात एक श्वास थांबून, आणि बाकीच्यांनी ओळखायचं की हा घरी आला, दवाखान्यात आला की उशिरा शाळेत आला. एक शब्दही न बोलता. अशी प्रत्येक कलावंताची एक खुबी तोडून तिचा एक खेळ बनवायचा. १५ जणांचे १५ खेळ होतात आणि ते कुठल्या पुस्तकातून आणावे लागत नाहीत.

आवाजाचं काम याच दिवशी घ्या. कंपनीत माइक असतो, शाळेत नसतो, आणि मुलं घसा फाडून ओरडतात. शेताच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर हाळी देताना माणूस पोटातून आवाज काढतो आणि स्वर लांबवतो. पटांगणात दोन रांगा समोरासमोर उभ्या करून तेच करून घ्या. पाच मिनिटांच्या वर नको.

तिसऱ्या दिवसाचा नियम: अर्धा तास आज्ञार्थी बोलायचं नाही. ‘इकडे उभा राह’, ‘जोरात बोल’, ‘हात वर कर’ बंद. फक्त प्रश्न. हे ऐकायला सोपं आहे, करताना भल्याभल्यांना घाम फुटतो. इथे गाडगेबाबांच्या कीर्तनाची आठवण काढा. विदर्भातल्या कलावंताला दुसरं उदाहरण लागत नाही. बाबा उपदेश करण्याआधी समोरच्यांना सवाल टाकायचे आणि लोकांच्याच तोंडून उत्तर काढायचे. नाट्यशिक्षकाचा प्रश्नही तसाच उघडा असावा. ‘तुला राग आला ना?’ हा प्रश्न नव्हे, हा हुकूमच आहे. ‘दार उघडलं आणि आत कुणीच नाही, आता?’ हा प्रश्न.

चौथा दिवस: मोहफुलांचा व्यापारी

शिक्षकानं स्वतः भूमिका घेऊन मुलांना गोष्टीत ओढायचं, ही रीत इंग्लंडमध्ये डोरोथी हीथकोट यांनी गेल्या शतकात रुजवली. आपल्या कलावंताला ही सगळ्यात लवकर जमते आणि सगळ्यात लवकर बिघडतेही, म्हणून तिला अख्खा दिवस द्या.

समजा, वर्षानुवर्षं खलनायक रंगवणारा एक नट आहे. तो मुलांना सांगतो, ‘हा दुपट्टा खांद्यावर आला की मी व्यापारी. काढला की तुमचा काका.’ हे दोनदा करून दाखवायचं, म्हणजे लहान पोर घाबरत नाही. मुलं म्हणजे पहाटे उठून मोहफुलं वेचणारी, वाळवून बाजारात आणलेली माणसं. दुपट्टा खांद्यावर येतो. व्यापारी माप घेतो, खोटंच, हवेत.

‘पाच पायली म्हन्ते? हे तं चारच भरते.’

‘काऊन कमी भरते? घरून मोजून आनलं आमी.’

‘मंग जा घरीच इक. बाजार आता आठ दिवसानं हाये. तवरिक बुरशी लागन.’

इथे नटानं थांबायचं. पोरं आपसांत बोलू लागतात. कुणी म्हणतं देऊन टाकू, कुणी म्हणतं आपलं माप आणू, एखादी मुलगी म्हणते सगळ्यांनी मिळून विकायचंच नाही. ही चर्चा सुरू झाली की नाटक सुरू झालं. पण खलनायकाची जीभ सळसळते. दोन पोरं हसली की त्याला आपलं गाजलेलं हसू आठवतं, डोळे वटारले जातात, आणि पाहता पाहता पोरं प्रेक्षक होऊन बसतात. त्याला आधीच सांगून ठेवा: भूमिका चार आणे रंगवायची, बारा आणे पोरांसाठी ठेवायचे. शिबिरात याची तालीम करताना बाकीच्या कलावंतांनी पोरं व्हायचं, आणि चार आण्याच्या वर गेला की एकानं खंजिरी वाजवायची. हशा होतो, पण सवय लागते.

दुपट्टा काढल्यानंतरची पाच मिनिटं चुकवू नका. ‘काका, तुमी खरंच असे हा का?’ असं विचारणारं एक तरी पोर असतंच. त्याला गोष्टीतून बाहेर आणणं हा धड्याचा भाग आहे.

मोठ्या मुलांसाठी, म्हणजे आठवीच्या पुढे, ब्राझीलच्या ऑगस्तो बोआल यांची पद्धत जोडता येते: प्रसंग अडचणीच्या टोकाला थांबवायचा आणि बघणाऱ्यांपैकी कुणीही उठून पात्राची जागा घेऊन वेगळं करून पाहायचं. लहान मुलांना एवढ्यात नको.

पाचवा आणि सहावा दिवस

पाचव्या दिवशी जवळच्या शाळेतली पाचवी ते सातवीची २० मुलं शिबिरात आणा. प्रत्येक कलावंतानं दहा मिनिटं घ्यायची. बाकीच्यांना बघायला एकेक ठरावीक काम द्या, नाहीतर सगळे ‘मस्त झालं’ म्हणतात. एकानं मोबाइलवर वेळ लावून शिकवणारा किती बोलला आणि पोरं किती बोलली ते मोजायचं. एकानं फक्त कोपऱ्यातल्या गप्प मुलाकडे बघायचं. एकानं मुलींना किती वेळा विचारलं ते लिहायचं. दहापैकी आठ मिनिटं काका बोलला हा आकडा समोर आला की वेगळी टीका करावी लागत नाही.

सहावा दिवस आखणीचा. सगळ्यांचा हात लिहिण्यात सारखा नसतो. वीस वर्षं संवाद कानानं पाठ करणाऱ्या माणसाला ‘पाठ टाचण’ काढायला लावणं चूक. चित्र काढा, खुणा करा, व्हॉट्सॲपवर आपल्याच आवाजात रेकॉर्ड करा. फक्त चार गोष्टी हव्यात: सुरुवातीचा खेळ, मुख्य काम, बाहेर पडण्याचा खेळ, आणि बेत फसला तर काय.

मुलांची सुरक्षितता: शिबिरातच, सविस्तर

हा भाग शेवटच्या दिवशी घाईत उरकला जातो, म्हणून तिसऱ्या दिवशीच ठेवा.

बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२चा आहे. अत्याचाराची शंका आली आणि कळवलं नाही, तर तो गुन्हा ठरतो. ‘मी बाहेरचा माणूस, मला काय’ हे चालत नाही. चाइल्डलाइनचा क्रमांक १०९८ प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये हवा. शिक्षण हक्क कायदा २००९च्या कलम १७नं शाळेत शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी आहे. कंपनीतल्या तालमीत शिव्या देऊन शिकवायची जुनी पद्धत आहे. ती वर्गाच्या दाराबाहेर.

रोजच्या वागण्याचे नियम असे. एका गटाबरोबर कायम दोन मोठी माणसं, त्यातली एक बाई. अंगाला हात लावून पोझ सुधारायची नाही. समोर उभं राहून करून दाखवा, मूल आरशासारखं करेल. कुणा एकाला मोटारसायकलवर बसवून घरी सोडायचं नाही. व्हिडिओ काढून रील टाकायची नाही, पालकांच्या लेखी संमतीशिवाय तर नाहीच. द्व्यर्थी विनोद आणि लावणीच्या नकला हंगामात चालत असतील, इथे नाहीत. आणि तालीम सूर्य मावळायच्या आत संपली पाहिजे. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या तालुक्यांच्या पट्ट्यात वाघाची भीती तोंडी लावण्यापुरती नाही, खरी आहे. मुलांना अंधारात पायवाटेनं घरी पाठवणं म्हणजे जिवाशी खेळ.

शाळा, पालक, पैसे

मुख्याध्यापकांना भेटताना ‘नाटक शिकवायचं आहे’ एवढंच म्हटलं की ‘गॅदरिंगला या’ असं उत्तर मिळतं. भाषेच्या पुस्तकातला एखादा धडा घेऊन जा आणि तो नाटकातून कसा होतो ते सांगा. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात कला आणि विषय जोडून शिकवण्यावर भर आहे, ते शिक्षकांना माहीत असतं. राष्ट्रीय नाट्य विद्यालयानं १९८९मध्ये शाळांसाठी स्वतंत्र संस्कार रंग टोली उभी केली. झाडीपट्टीच्या परशुराम खुणे यांना २०२३मध्ये पद्मश्री मिळाली. ‘नाटकवाले’ या शब्दावर नाक मुरडणाऱ्या शाळा व्यवस्थापन समितीपुढे एवढी माहिती पुरते.

मानधन लेखी ठरवा: किती, कोणत्या तारखेला, प्रवास आणि जेवण वेगळं की त्यातच. ‘समाजसेवा आहे’ म्हणून कलावंताला फुकट राबवू नका. एका दिवसाची मजुरी बुडवून तो येतो.

पोळा ते कोजागिरी

आठवड्यातून दोन वेळा, शाळा सुटल्यावर तासभर. एका गटात २० ते २५ मुलं. पहिले दोन आठवडे फक्त खेळ. संहिता नाही, भूमिका नाहीत, ‘आमचं नाटक कधी बसवनार?’ याला उत्तर नाही. पालक आणि शिक्षक अस्वस्थ होतात, होऊ द्या.

तिसऱ्या आठवड्यात गोष्ट शोधायची. मुलांना घरी पाठवा: आजीला, आज्याला एक प्रश्न विचारून या. गावातलं तळं कुणी बांधलं, पूर आला तेव्हा काय केलं, पहिली बस कधी आली. मोठ्यांनी विषय ठरवला की व्यसनमुक्तीचं नाटक होतं. दारुड्या बाप चार प्रवेश धिंगाणा घालतो आणि शेवटच्या पाच मिनिटांत सुधारतो. असली नाटकं गावानं पोटभर पाहिली आहेत आणि गुत्ता आहे तिथेच आहे. संदेशापासून सुरुवात नको.

शेतकरी आत्महत्येचा विषय मोठ्यांनी हौसेनं आणू नये. यवतमाळ, अमरावतीकडे त्या गटातच एखाद्याचं घर त्यातून गेलेलं असू शकतं. मुलानं स्वतःहून काढला तर थांबवायचं नाही, पण गोष्ट दूर न्यायची: दुसरं गाव, दुसरा काळ, प्राण्यांची पात्रं. आणि त्या दिवशी वर्गशिक्षकाशी बोलून ठेवायचं.

संवाद मुलांच्या तोंडचे. मूल ‘पानी’, ‘कोन’ म्हणालं तर ते सुधारायचं नाही. झाडीबोलीत ते तसंच आहे. गोंडी किंवा माडिया बोलणारी मुलं असतील तर काही प्रवेश त्यांच्या भाषेत होऊ द्या, बाकीच्यांना हावभावावरून कळतं. लिखाण पाचव्या आठवड्याच्या आधी नको. प्रॉम्प्टर अजिबात नको. त्याचा आधार आहे कळलं की मुलं ऐकणं सोडतात.

भूमिका वाटताना डोळे उघडे ठेवा. गोरा मुलगा राजा, पाटलाचा मुलगा पाटील आणि टोलीवरचा पोरगा गडी, ही वाटणी कुणी न सांगता होते. तालमीत प्रत्येक भूमिका तिघांनी तरी करायची आणि प्रयोगाच्या आठवड्यातच ठरवायचं. राजा मुलगी झाली तर काही बिघडत नाही.

शेवटच्या आठवड्यात कापाकापी. पंचवीस मिनिटांच्या वर नाटक जाऊ नये. कलावंतांना हे पटत नाही, पहाटेपर्यंत खेळ करणाऱ्यांना पंचवीस मिनिटं म्हणजे नांदी वाटते.

प्रयोग आणि त्यानंतर

पडदे, झगमगीत कपडे, भाड्याचा साउंड यात पैसे घालू नका. शाळेचं पटांगण, तीन बाजूंनी सतरंज्या, घरातले लुगडे-दुपट्टे, पेटी आणि ढोलकी. कोजागिरीला पालक दुधासाठी जमतातच, आणि मुलं त्यांच्याबरोबरच घरी जातात. कलावंतानं त्या दिवशी मंचावर दिसायचं नाही, निवेदनालाही नाही. प्रमुख पाहुण्यांचे सत्कार नाटकानंतर.

दुसऱ्या दिवशी मुलांबरोबर अर्धा तास बसा. काय आवडलं हे सगळे सांगतात. ‘कुठला भाग तुम्ही बदलला असता?’ हे विचारा. नंतर कलावंतांची स्वतंत्र बैठक, त्यात पाचव्या दिवशीच्या मोजणीसारखीच मोजणी शेवटच्या तासांचीही वाचायची. ज्याचं बोलणं कमी झालं आणि पोरांचं वाढलं, त्याला पुढच्या वर्षी नव्या कलावंतांचा प्रशिक्षक करा. ज्याचं झालं नाही, त्याच्याबरोबर प्रॉम्प्टरची जोडी लावून अजून एक संधी द्या.

ही बैठक मंडईच्या आधी झाली पाहिजे. हंगाम लागला की होळीपर्यंत कुणी हाती लागत नाही. तोवर गटाला आठवड्यातून एकदा खेळायला बोलावण्याचं काम शाळेतल्या एका शिक्षकाकडे आणि गावातल्या कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीकडे सोपवा, आणि कलावंतांनी रेकॉर्ड केलेले खेळ त्यांच्या मोबाइलमध्ये आधीच टाकून द्या.